इंजिन मिसिंग करत असेल तर : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि तेव्हापासून कारंजा लाड परिसरातील आमच्या छोट्या गॅरेजमध्ये सहा आणि आठ सिलिंडरच्या महागड्या स्पोर्ट्स गाड्याही येऊ लागल्या. या गाड्यांची नेहमीची तक्रार म्हणजे इंजिन मिसिंग करते, म्हणजे सिलिंडरमधले पेट्रोल मधूनमधून पेटतच नाही, इंजिन झटके देते, पिकअप घेत नाही. आमच्याकडे पोहोचेपर्यंत अनेक ग्राहकांनी दुसरीकडे प्लग (पेट्रोल पेटवणारी ठिणगी पाडणारा भाग) आणि कॉइल (प्लगला त्यासाठी करंट देणारा भाग) बदलून घेतलेले असतात, मोठा खर्च झालेला असतो आणि दोष मात्र जिथल्या तिथेच असतो. हे आम्हांला मनापासून खटकते, म्हणून हे पत्रक काढले आहे.

इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असताना प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा पेट्रोल पेटते. त्यातील एखादी वेळ जरी चुकली, तरी क्रँकला, म्हणजे इंजिनच्या फिरत्या मुख्य दांड्याला, मिळणारा तेवढा धक्का कमी पडतो आणि त्याची गती क्षणभर मंदावते. क्रँकजवळचा सेन्सर ही मंदगती टिपतो व गाडीचा संगणक कोणते सिलिंडर चुकले याची नोंद ठेवतो. चुकांची संख्या वाढली की डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा लागतो.

हा दिवा स्थिर आहे की लुकलुकतो आहे, हे आधी पाहावे. लुकलुकत असेल, तर न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धुरातील घातक वायू कमी करणाऱ्या भागात) जाऊन तिथे पेटत असते, आतील जाळी तापून वितळू शकते, आणि मग काही हजारांत मिटणारे काम काही लाखांवर जाते. अशा वेळी ताशी १२० किलोमीटरच्या रस्त्यावर 'कारंजापर्यंत तर पोहोचूच' असा विचार कृपया करू नये. वेग हळूहळू कमी करून गाडी अगदी डाव्या कडेला घ्यावी, चारही इंडिकेटर लावून इंजिन बंद करावे आणि फ्लॅटबेड, म्हणजे गाडी वर चढवून नेणारा ट्रक, मागवावा. दिवा स्थिर असेल आणि झटके सौम्य असतील, तर ॲक्सिलरेटर जोरात न दाबता जवळच्या गॅरेजपर्यंत येण्यास सहसा हरकत नसते.

आणखी एक कळकळीची विनंती आहे. बॅटरीची वायर काढून पुन्हा लावली की दिवा जातो, असा सल्ला रस्त्यात हमखास मिळतो. दिवा जातो हे खरे, पण दोष घडला तेव्हा इंजिन किती गरम होते, किती फेऱ्यांवर होते, त्यावर किती भार होता, ही सारी नोंदही त्याबरोबर पुसली जाते आणि आम्हांला अंधारात चाचपडावे लागते.

गाडी आल्यावर आम्ही प्रथम स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातील नोंदी वाचणारे यंत्र, लावतो. पी ०३०४ असा कोड आला, तर चौथे सिलिंडर चुकते आहे. पी ०३०० आला, तर चूक एका जागी नाही. सिलिंडरचे क्रमांक प्रत्येक कंपनी वेगळ्या पद्धतीने देते, म्हणून ते त्या मॉडेलच्या आकृतीवरून पडताळूनच हात घालतो. त्यानंतर चौथ्याची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची चौथ्यावर लावून गाडी चालवतो. चूक कॉइलबरोबर दुसऱ्या सिलिंडरवर गेली, तर कॉइल खराब आहे. चौथ्यावरच राहिली, तर कॉइलचा दोष नाही. या साध्या अदलाबदलीला पैसे लागत नाहीत, तरीही ती न करताच सहाच्या सहा कॉइल बदलल्या जातात. काही कॉइल थंड असताना उत्तम चालतात आणि तापल्या की करंट सोडतात, म्हणून ही चाचणी आम्ही इंजिन पूर्ण तापवूनच घेतो.

प्लग काढल्यावर त्याचे पांढरे चिनीमातीचे अंग उजेडात फिरवून पाहतो. त्यावर वरून खाली केसाएवढी काळी रेघ दिसली, तर करंट टोकाशी ठिणगी न पाडता त्या रेघेवरून बाहेर निसटत असतो. प्लगच्या खोबणीत ऑइल साचले असेल, तर वरच्या कव्हरचे गॅस्केट बदलल्याशिवाय नवा प्लगही टिकत नाही.

मागच्या उन्हाळ्यात आलेल्या एका गाडीची कॉइल आणि प्लग, दोन्ही अदलाबदलीत निर्दोष ठरले होते. इंजिन चालू ठेवून वायरिंगचा जुडगा हाताने हलवला, तेव्हा एका जागी इंजिन अचानक सुरळीत झाले. टेप सोडल्यावर कुरतडलेली वायर दिसली आणि तिच्या शेजारी सरकीचे दाणे सापडले. गाडी महिनाभर सरकीच्या पोत्यांच्या शेडमध्ये उभी होती. आपल्या भागात गोदामाजवळ किंवा कोठ्याजवळ गाडी ठेवणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून पाहावेच. इंजिन मागे असेल, तर मागचे झाकण उघडावे.

करंट ठीक असेल, तर पुढे हवा आणि पेट्रोल तपासतो. फाटलेल्या होजमधून मोजमापाबाहेरची हवा शिरत असेल, तर धुराच्या चाचणीत, म्हणजे आत धूर सोडून तो कुठून बाहेर येतो हे पाहिल्यावर, ती जागा उघड होते. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन साचतो, कारण तिथे पेट्रोलचा फवारा पोहोचत नाही; टाकीत टाकायचे कोणतेही औषध तिथवर जात नाही, म्हणून ते विकण्याचे आम्ही बंद केले आहे. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जाताना तयार होणारा दाब, शेवटी मोजतो.

थेट फवारणीचा उच्च दाबाचा पंप व इंजेक्टर आम्ही उघडत नाही. त्यातील दाब २०० बार किंवा त्याहून अधिक असू शकतो, आणि त्यासाठीची साधने आमच्याकडे नाहीत. असे काम निघाल्यास तपासणीची लेखी नोंद देऊन गाडी नागपूरला कंपनीच्या अधिकृत केंद्राकडे पाठवतो. तपासणीचे शुल्क वेगळे घेतले जाते आणि काढलेला प्रत्येक सुटा भाग ग्राहकाला परत दिला जातो.

फोन करताना मिसिंग थंड इंजिनवर होते की तापल्यावर, चढावर होते की सिग्नलला उभे असताना, आणि गाडी नुकतीच पाण्याच्या प्रेशरने धुतली होती का, एवढे सांगावे.