डोंगर किती उरलाय ते सांगणारा आकडा

पाणलोटाच्या रिपोर्टमध्ये हल्ली हिप्सोमेट्रिक इंटिग्रल (खोऱ्यात मूळचा डोंगर किती शिल्लक आहे ते सांगणारा ० ते १ मधला आकडा) हमखास असतो, ०.४८ नाहीतर ०.५५ असं काहीतरी, आणि त्यावरून सरळ "इथे धूप जास्त, तिथे कमी" असं लिहून टाकतात. मला हे खटकतं, कारण हा आकडा निघाला होता वेगळ्याच प्रश्नासाठी.

अमेरिकेत विल्यम मॉरिस डेव्हिसने क्षरणचक्र, म्हणजे डोंगर झिजत झिजत ठरावीक अवस्थांतून जातो ही कल्पना, मांडलं, १८९९ चा त्याचा लेख प्रसिद्ध आहे, युवावस्था, प्रौढावस्था, वृद्धावस्था हे आपण भूगोलात शिकलो तेच. पण खोरं कुठल्या अवस्थेत आहे हे ठरायचं बघणाऱ्याच्या नजरेवर. १९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या आर्थर स्ट्रॅलरने ते मोजायचं ठरवलं. कंटूरचा, म्हणजे सारख्या उंचीच्या रेषांचा, नकाशा घ्यायचा, प्रत्येक कंटूरच्या वर किती क्षेत्र आहे ते प्लॅनिमीटर (नकाशावरचं क्षेत्र मोजायचं उपकरण) फिरवून काढायचं, मग एका अक्षावर क्षेत्राचं प्रमाण आणि दुसऱ्यावर उंचीचं, दोन्ही ० ते १, आणि त्या कर्व्हखालचा भाग म्हणजे मूळच्या ठोकळ्यातला (तळापासून माथ्यापर्यंत खोरं पूर्ण भरलेलं होतं असं धरलं तर) किती डोंगर अजून शिल्लक आहे त्याचा हिशोब. ०.६० च्या वर तरुण, ०.३५ ते ०.६० प्रौढ, त्याखाली म्हणजे सुट्या टेकड्याच उरल्यात. असे कर्व्ह वॉल्टर लँगबाइनने १९४७ मध्येच खोऱ्यांसाठी वापरले होते, पण अवस्थांशी त्यांची सांगड घातली स्ट्रॅलरने.

काम फार किचकट होतं. १९७१ मध्ये पाइक आणि विल्सन यांनी दाखवलं की सरासरी उंचीतून सगळ्यात कमी उंची वजा करून एकूण चढउताराने भागलं की तोच आकडा येतो. म्हणजे तळ ५५० मीटर, माथा ९५०, सरासरी ७३० असेल तर १८० भागिले ४००, ०.४५. पुढे फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर अंतराळयानाने ११ दिवसांत रडारने पृथ्वीच्या बऱ्याचशा जमिनीची उंची मोजली, तो डेटा फुकट मिळायला लागला आणि आता क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये हे काही मिनिटांत होतं.

सोपं झालं म्हणून वापर वाढला, पण आकडा अजून तेच सांगतो, किती उरलंय, दरवर्षी किती वाहून जातंय ते नाही. आपल्या सह्याद्रीतच बघा, वर सपाट माथा आणि मधे खोल अरुंद घळ असेल तर इंटिग्रल मोठा येतो, पण तो माथा कठीण बसाल्टचा असल्यामुळे टिकलेला असतो, आणि खाली कमी आकड्याच्या खोऱ्यात उघड्या नांगरट जमिनीवरून पहिल्याच वळवाला माती ओढ्यात गेलेली असते.