एका नोंदवहीचा वाद : होमिओपॅथ, ॲलोपॅथी आणि महाराष्ट्र

१८ सप्टेंबर २०२५ रोजी इंडियन मेडिकल असोसिएशनने (आयएमए), म्हणजे ॲलोपॅथी डॉक्टरांच्या संघटनेने, राज्यात चोवीस तासांचा बंद पुकारला. कारण एका नोंदवहीचे होते. सीसीएमपी हा आधुनिक औषधशास्त्राचा वर्षभराचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या होमिओपॅथ डॉक्टरांची नावे महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे, म्हणजे एमएमसीकडे, नोंदवायची की नाही, एवढाच वादाचा मुद्दा. जूनअखेर परिषदेने नोंदणीची सूचना काढली, जुलैत आयएमएने बंदचा इशारा देताच सरकारने ती थांबवून समिती नेमली, मग होमिओपॅथ मुंबईत आझाद मैदानात बसले आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला नोंदणीचा आदेश पुन्हा निघाला. बीएचएमएस, म्हणजे होमिओपॅथीची पदवी, झालेल्यांची स्वतःची परिषद आणि स्वतःची नोंदवही असताना दुसऱ्या वहीसाठी एवढा आटापिटा का, हे वरवर पाहता कळत नाही. त्यासाठी बरेच मागे जावे लागते.

डॉक्टरांच्या नोंदणीचा देशातला पहिला कायदा मुंबई इलाख्याचा, १९१२चा. पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्यांचीच नावे त्यात जात. वहीचा धाक किती होता पाहा. आयुर्वेद महाविद्यालयाशी संबंध ठेवला म्हणून डॉ. पोपट प्रभुराम या नोंदणीकृत डॉक्टरवर पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या परिषदेने कारवाई केली होती. वैद्यांना वही मिळाली ती १९३८च्या कायद्याने. तेव्हा बाळासाहेब खेरांचे सरकार होते आणि आरोग्यमंत्री होते डॉ. गिल्डर, स्वतः नामांकित हृदयरोगतज्ज्ञ. होमिओपॅथांसाठी वेगळा कायदा १९५९चा, आणि आजच्या एमएमसीचा कायदा १९६५चा. तीन पद्धती, तीन वह्या. कागदावर सगळे स्वच्छ.

प्रत्यक्षात गावोगावी औषध देणारा माणूस कोण होता? स्वातंत्र्यापूर्वी तो बहुधा एलसीपीएससारखी पदविका घेतलेला लायसेन्शिएट असे. देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात देशातल्या नोंदणीकृत डॉक्टरांचा आकडा सुमारे ४७,५०० आहे आणि त्यातले जवळपास ३०,००० लायसेन्शिएट. समितीने ही मधली पायरीच काढून टाकायला सांगितले. डॉक्टर एकाच दर्जाचा हवा, साडेपाच वर्षे शिकलेला. हेतू उत्तमच होता, पण पदवीधर खेड्यात जातील ही अपेक्षा फोल ठरली. सगळ्या गोंधळाची मुळी इथे आहे, असे मला वाटते. रिकामी झालेली जागा सरकारने भरली नाही. ती आपोआप भरली, वैद्य आणि होमिओपॅथ डॉक्टरांनी. रोगी तापाची गोळी आणि सुई मागत होता, ती ते देत राहिले.

मग प्रश्न आला कायद्याचा. ॲलोपॅथीची औषधे कोणाच्या चिठ्ठीवर द्यायची हे औषध नियम, १९४५ ठरवतात. त्यांतल्या नियम २(ईई)मध्ये एक फट आहे: राज्याच्या वैद्यक नोंदवहीत नाव असलेल्या व्यवसायीला राज्य सरकार आदेशाने ‘आधुनिक वैद्यक करणारा’ असे जाहीर करू शकते. ही नोंदवही होमिओपॅथांची मात्र चालणार नाही, असे तिथेच स्पष्ट लिहिले आहे. आजचा सारा वाद या एका अपवादातून आलेला आहे. नव्वदच्या दशकात महाराष्ट्राने या फटीतून आयुर्वेदाच्या डॉक्टरांना, त्यांच्या प्रशिक्षणाच्या मर्यादेत, परवानगी दिली. होमिओपॅथांना तसा आदेश काढून देणे शक्यच नव्हते.

त्यातच १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, तोही मुंबईच्याच प्रकरणात. तापाच्या रुग्णाला होमिओपॅथ डॉक्टरने टायफॉइड समजून ॲलोपॅथीची औषधे दिली, रुग्ण दगावला. अभ्यासक्रमात आणि नर्सिंग होमच्या नोकरीत आपण ॲलोपॅथी शिकलो, हा डॉक्टरांचा बचाव. न्यायालयाने तो मानला नाही. ज्या पद्धतीची नोंदणी, त्याच पद्धतीचा व्यवसाय. दुसरी करणे हाच निष्काळजीपणा, असे ठरवून तीन लाखांची भरपाई द्यायला लावली. दोनच वर्षांनी, १९९८ मध्ये, मुख्तियार चंद खटल्यात न्यायालयाने आयुर्वेद डॉक्टरांबाबत सांगितले की राज्याच्या कायद्याने आधुनिक वैद्यकाचा हक्क दिलेला असेल तरच ती परवानगी चालेल.

राज्याने त्यातून धडा घेतला तो असा: परवानगी आदेशाने नको, कायद्याने द्या, आणि नाव आधुनिक वैद्यकाच्या वहीतच घाला. पृथ्वीराज चव्हाण मुख्यमंत्री असताना, २०१४ मध्ये, होमिओपॅथी आणि एमएमसी या दोन्ही कायद्यांत दुरुस्ती झाली. वर्षभराचा अभ्यासक्रम करणाऱ्या होमिओपॅथाला ॲलोपॅथीची औषधे लिहिता येतील, अशी तरतूद आली. आयएमए उच्च न्यायालयात गेली. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने अभ्यासक्रम सुरू केला, तुकड्या बाहेर पडू लागल्या, नोंदणी मात्र लोंबकळत राहिली. केंद्रानेही असाच ‘ब्रिज कोर्स’ २०१७च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग विधेयकात आणला होता. देशभर डॉक्टरांनी विरोध केल्यावर २०१८ मध्ये तो मागे घेतला. महाराष्ट्रात मात्र कायदा आधीच पुस्तकात होता, त्यामुळे तो मागे घेण्याचा प्रश्नच नव्हता.

आयएमएचा आक्षेप खोटा नाही. साडेपाच वर्षांत शिकवले जाणारे फार्माकॉलॉजी, पॅथॉलॉजी आणि वॉर्डातला अनुभव वर्षभरात येत नाही, आणि एमएमसीच्या वहीतले नाव पाहून रुग्णाला फरक कसा कळणार? निवासी डॉक्टरांची संघटना मार्डही यात आयएमएच्या बाजूने उभी राहिली. पण याच आयएमएच्या सदस्यांच्या किती रुग्णालयांत रात्रपाळीचा आरएमओ, म्हणजे निवासी वैद्यकीय अधिकारी, बीएचएमएस वा बीएएमएस (आयुर्वेदाचा पदवीधर) असतो, हे नर्सिंग होमची पायरी चढलेल्या कोणालाही ठाऊक आहे. एमबीबीएस परवडत नाही, मिळत नाही. दिवसा ज्याला ‘क्रॉसपॅथी’, म्हणजे एका पद्धतीच्या डॉक्टरने दुसरीची औषधे देणे, म्हणून नावे ठेवायची, रात्री त्याच्याच भरवशावर अतिदक्षता विभाग सोडायचा, ही विसंगती बंदच्या पत्रकांत कुठे सापडत नाही. सरकारचेही तेच. १०८च्या रुग्णवाहिकेत त्याने आयुर्वेदाचे डॉक्टर बसवले, पण प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या एमबीबीएसच्या रिकाम्या जागा, पगार, राहण्याची सोय हे विषय बाजूला ठेवून पुन्हा एकदा वहीतल्या रकान्यावर भागवले.

होमिओपॅथांची बाजूही नुसती हावेची नाही. ते ही औषधे वर्षानुवर्षे देतच आहेत, आणि १९९६च्या निकालानंतर त्यातली प्रत्येक चिठ्ठी कायद्याने जोखमीची झाली आहे. औषधदुकानदारही त्याच जोखमीत आहे, कारण नियम २(ईई)मध्ये न बसणाऱ्याच्या चिठ्ठीवर शेड्यूल एचचे, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणारे, औषध दिले तर परवाना त्याचा जातो. शिवाय वहीत नाव असले तर चुकीबद्दल जाब विचारायला आणि परवाना काढून घ्यायलाही एमएमसीच समोर येईल. ही शिस्त लावायला परिषदेकडे माणसे आणि वेळ आहे का, यावर दोन्ही बाजूंच्या मोर्चांत फारसे कोणी बोलले नाही.