गॅस किती गळला यापेक्षा तो कुठे गेला?

कारखान्यात गॅस गळला की बातमीत आधी टनांचा आकडा येतो. जोखीम मोजणारे अभियंते मात्र आधी वेगळंच विचारतात: दिवस होता की रात्र? वारा किती होता? उताराच्या बाजूला वस्ती आहे का?

दुपारी जमीन तापलेली असते, हवा वर उसळत असते, त्यामुळे गॅस तिच्यात मिसळून लवकर विरतो. निरभ्र, शांत रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन तिथेच बसून राहते आणि तेवढीच गळती कितीतरी लांबपर्यंत जीवघेणी ठरते. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडलं. वाफ हवेच्या जवळपास दुप्पट जड, थंडीची रात्र, मंद वारा आणि कुंपणाला लागून दाट वस्ती.

अमोनिया तर भल्याभल्यांना फसवतो. तो हवेपेक्षा हलका, म्हणजे वर उडून जाणार, असं कुणालाही वाटेल. पण पुष्कळ ठिकाणी तो दाबाखाली द्रवरूपात साठवलेला असतो. फट पडली की द्रव जोराने बाहेर उसळतो, त्यातला काही भाग क्षणात उकळतो आणि उरलेला उणे ३३ अंशांपर्यंत किंवा त्याहूनही खाली गारठतो. बारीक थेंब आणि गोठलेलं बाष्प यांचा पांढरा ढग तयार होतो. हा ढग जड असतो. तो जमिनीला घासत सरकतो, खड्ड्यांत आणि तळघरांत साचतो. फक्त छताजवळ सेन्सर बसवले असतील, तर ते अशा वेळी उशिरा जागे होतात.

नाकावर तर मुळीच विसंबू नये. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यांसारखा वास अगदी कमी प्रमाणातही येतो, पण हवेच्या दहा लाख भागांत तो १०० भागांच्या आसपास गेला की वासाची जाणीवच मरते. वास थांबला म्हणजे धोका टळला, असं समजून माणसं तिथेच थांबतात.

गळतीची शक्यता काढतानाही एक चूक वारंवार होते. तीन सुरक्षा यंत्रणा आहेत आणि प्रत्येक शंभरात एकदा फसते, असं समजा. मग तिन्ही एकदम फसण्याची शक्यता दहा लाखांत एक, असं गणित मांडलं जातं. हे खरं ठरतं ते तिन्हींचा एकमेकींशी संबंध नसेल तरच. भोपाळमध्ये टाकीचं शीतकरण बंद होतं, वायू जाळणाऱ्या मनोऱ्याची नळी काढलेली होती आणि वायू धुणारी यंत्रणाही सज्ज नव्हती. देखभालीत एकदा कुचराई सुरू झाली की ती सगळीकडेच होते. मला आकडेमोडीतला हाच भाग सर्वांत धोक्याचा वाटतो.

पर्यावरणाचा हिशेब बहुतेक वेळा नंतर होतो, तो आधी व्हायला हवा. अमोनियाचा ढग पाण्याच्या फवाऱ्याने खाली बसवता येतो, माणसं वाचतात. पण ते पाणी ओढ्यात गेलं तर मासे मरतात, म्हणून ते अडवण्यासाठी बंदिस्त हौद आराखड्यातच असावा लागतो. मिथेनची गोष्ट निराळी. मोकळ्या हवेत तो पटकन विरळ होतो आणि स्फोटाची भीती ओसरते, पण वीस वर्षांच्या काळात तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट उष्णता अडवतो. कॅलिफोर्नियात अलिसो कॅनियन इथल्या नैसर्गिक वायूच्या भूमिगत साठ्याची एक विहीर ऑक्टोबर २०१५ पासून जवळपास चार महिने गळत होती आणि सुमारे १ लाख टन मिथेन हवेत गेला. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. तो झोत दिसला इन्फ्रारेड कॅमेऱ्यात.