लाल कॅलिपर घेण्याआधी

ताशी १०० किलोमीटरने धावणारी १२०० किलोची गाडी जीव खाऊन ब्रेक दाबला तर साडेतीन सेकंदांत उभी राहते. तेवढ्यात तिची ४६३ किलोज्यूल गतिज ऊर्जा उष्णता होऊन जाते. भागाकार केला तर १३० किलोवॉट, म्हणजे सुमारे पावणेदोनशे अश्वशक्ती. ज्या टर्बो हॅचबॅकचं इंजिन ११०-१२० अश्वशक्तीचं म्हणून आपण मिरवतो, तिच्या ब्रेकची ताकद इंजिनाच्या दीडपट असते आणि तिचा उल्लेख जाहिरातीत कुठेच नसतो.

इंदूरमध्ये सेकंडहँड टर्बो हॅचबॅक घेऊन तिचा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) जास्त ताकदीसाठी रिमॅप करून घेणाऱ्या मंडळींची आता बऱ्यापैकी फळी तयार झाली आहे. रविवारी पहाटे बायपासने निघून जानापाव किंवा मानपूर गाठायचं, उन्हं चढायच्या आत परत यायचं. इंजिनावर खर्च करून झाला की मग ब्रेकची आठवण होते, आणि तेव्हा खिशात फारसं उरलेलं नसतं. माझा भाचा त्याच फळीतला. घाट उतरताना पेडल मऊ पडायला लागलं, तेव्हा तो मोबाइलवर लाल रंगाच्या चार पिस्टनच्या कॅलिपरचा, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणाऱ्या चिमट्याचा, फोटो घेऊन आला. "मामा, हे बसवलं की काम झालं ना?" किटची किंमत लाखाच्या पुढे होती. त्याला म्हटलं, आधी ब्रेकला नेमकं काय झालंय ते बघू.

कारण 'ब्रेक कमी पडतात' या एका तक्रारीत तीन निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या असतात. गाडी थांबायला अंतर जास्त घेते, ही एक. पहिल्यांदा नीट थांबते, पण चार-पाच वेळा जोरात दाबल्यावर दम सोडते, ही दुसरी. आणि पायाला भरवसा वाटत नाही, पेडल लिबलिबीत लागतं, ही तिसरी. तिन्हींची कारणं वेगळी, औषधं वेगळी आणि दरही वेगळे.

पहिलीचं उत्तर ऐकून बहुतेकांचा विरस होतो. ब्रेक चाक थांबवतो, गाडी थांबवतो तो टायर. रस्ता आणि रबर यांच्यातल्या पकडीपलीकडे कुठलाही कॅलिपर काही करू शकत नाही. कोरड्या, मोकळ्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबल्यावर एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) थरथरायला लागत असेल, तर तुमच्या ब्रेकमध्ये चाक अडवण्याइतकी ताकद आहेच आणि कमी पडतोय तो टायर. (मागे ट्रक असताना बायपासवर हा प्रयोग करू नये, हे सांगायला नकोच.) चांगल्या टायरवर शंभरच्या वेगावरून गाडी पन्नासेक मीटरमध्ये थांबते. सहा वर्षं उन्हात कडक झालेल्या टायरवर तेच अंतर कितीतरी वाढतं. अशा गाडीला लाखाचा कॅलिपर लावला तर एबीएस थोडा लवकर थरथरेल, एवढंच. पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक जून २०२१ मध्ये सुरू झाला, त्याच्या बातम्या खूप गाजल्या. त्याच आवारात ब्रेकच्या चाचणीसाठी कमी-जास्त पकडीचे पृष्ठभाग असलेला ट्रॅकही आहे, त्याच्याकडे मात्र कुणाचं लक्ष गेलं नाही. गाडी तीच, ब्रेक तेच, फक्त खालची जमीन बदलली की थांबण्याचं अंतर बदलतं, हेच तिथे मोजतात.

दुसरी तक्रार, दम सोडण्याची, ती खरी ब्रेकची तक्रार. ती सगळी उष्णतेची आहे.

४६३ किलोज्यूल म्हणजे किती? दीड लिटर पाणी साध्या तापमानावरून उकळीला आणण्याइतकी उष्णता. ती साडेतीन सेकंदांत प्रामुख्याने दोन पुढच्या डिस्कमध्ये जाते. जोरात ब्रेक दाबताना गाडी नाकावर येते. आपल्या १२०० किलोच्या गाडीत दोनशेएक किलो भार मागून पुढे सरकतो. त्यामुळे पाऊण काम पुढची चाकंच करतात. एका पुढच्या डिस्कचं वजन सहा किलो धरलं आणि बिडाची उष्णताधारकता हिशोबात घेतली, तर एका दाबात तिचं तापमान सुमारे ६० अंश सेल्सियसने वाढतं. मे महिन्यातल्या चाळीस अंशांवरून सुरुवात करून मध्ये फारशी उसंत न देता पाच वेळा असं थांबलात, तर डिस्क ३०० अंशांच्या आसपास पोहोचते.

घाटात तर वेग वाढवावाही लागत नाही. माळव्याचं पठार सोडून निमाडात उतरताना समजा ३०० मीटर खाली आलो. तेवढ्या उंचीची स्थितिज ऊर्जा साडेतीन हजार किलोज्यूल भरते, म्हणजे शंभरच्या वेगावरून सात-आठ वेळा करकचून थांबल्यासारखं. गिअर खाली टाकला तर त्यातला बराच वाटा इंजिन घेतं. न्यूट्रलमध्ये किंवा वरच्या गिअरमध्ये ब्रेक घासत आलात तर सगळी उष्णता डिस्कच्या बोकांडी बसते. धामनोदच्या अलीकडचा गणपती घाट ट्रकचे ब्रेक निकामी होण्यासाठी बदनाम आहे, त्यामागे हेच गणित आहे, फक्त वजन वीस-तीस पट.

भाच्याची गाडी जॅकवर चढवून पुढचं चाक काढलं. डिस्कवर निळसर छटा, पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा चकाकणारा. बोट फिरवलं तर कुठेच खरखरीत लागेना. मेकॅनिकने ब्रेक ऑइलच्या डब्याचं झाकण उघडलं. ताजं ऑइल फिकट पिवळं असतं, हे काळपट तपकिरी झालं होतं. त्याने तपासायचं पेन काढून टोक आत बुडवलं. हिरवा दिवा लागला, पाठोपाठ पिवळे आणि शेवटी लाल. "ये तो पानी है, भिया," एवढंच म्हणून त्याने झाकण लावलं.

तो अतिशयोक्ती करत होता, पण फार नाही. पायाचा दाब कॅलिपरपर्यंत नेणारं जे ब्रेक ऑइल आपण म्हणतो ते खनिज तेल नसतं. ग्लायकॉल जातीचं हे द्रव हवेतला दमटपणा शोषून घेतं. झाकणातून, रबरी नळ्यांतून, दर पावसाळ्यात थोडं थोडं. डॉट ही या ऑइलची प्रत. नवं डॉट ४ ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की हीच मर्यादा १५५ अंशांवर उतरते. डॉट ३ मध्ये आकडे २०५ आणि १४०, डॉट ५.१ मध्ये २६० आणि १८०. कॅलिपरच्या आत ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. मग पाय खाली जातो आणि दाब पॅडपर्यंत पोहोचतच नाही. गाडी अर्धा तास उभी केली की वाफेचं पुन्हा द्रव होतं, पेडल कडक लागतं, आणि गॅरेजमध्ये दाखवायला न्यावं तर काही सापडत नाही.

म्हणून ब्रेकवर पहिला खर्च काही शे रुपयांच्या ऑइलच्या बाटलीचा. सीलबंद बाटली घ्या. आधी फोडलेली, दुकानातल्या फळीवर पडून राहिलेली नको. डॉट ४ किंवा डॉट ५.१ चालेल. डॉट ५ हे नाव ५.१ सारखं दिसत असलं तरी ते सिलिकॉनचं असतं, ग्लायकॉलमध्ये मिसळत नाही आणि एबीएसच्या गाडीत घालायचं नसतं. जुनं ऑइल चारही चाकांजवळच्या, ऑइल सोडायच्या निपलमधून निघून नवं दिसेपर्यंत काढायचं, नुसता वरचा डबा भरून भागत नाही. दोन वर्षांनी पुन्हा.

दुसरा खर्च पॅडचा. इथे माझं मत थोडं कडक आहे. घाटाच्या आणि क्वचित ट्रॅकच्या गाडीला पॅड बदलून जेवढा फरक पडतो, तेवढा त्या पैशात दुसऱ्या कशानेच पडत नाही. पॅडमधली रेझिन (त्यातली द्रव्यं बांधून ठेवणारी राळ) फार तापली की तिच्यातून वायू सुटतो, घर्षण कोसळतं, आणि पेडल कडक असूनही गाडी थांबत नाही. मऊ पेडल म्हणजे ऑइल उकळलं, कडक पेडल असून पकड नाही म्हणजे पॅड तापले. हा फरक पायाला कळतो, फक्त त्या घटकेला विचार करण्याइतकं डोकं शांत राहायला हवं. भाच्याला पहिला त्रास होता, आणि पॅडची चकाकी बघता दुसरा फार दूर नव्हता. त्याच्यासारख्याने रस्त्यासाठी बनवलेले, पण जास्त तापमान सोसणारे सेमी-मेटॅलिक (धातू मिसळलेले) पॅड घ्यावेत. शर्यतीचे पॅड मोह पाडतात, पण ते थंड असताना नीट धरत नाहीत. सकाळी कॉलनीच्या पहिल्याच वळणावर कुत्रं आडवं आलं तर त्यांचा उपयोग नाही. शिवाय ते किंचाळतात आणि डिस्क खातात.

नवे पॅड लावून लगेच घाटात जायचं नसतं. ते बसवावे लागतात. ताशी ६० वरून १०-१५ वर येईपर्यंत बऱ्यापैकी जोरात दाबायचं, पूर्ण थांबायचं नाही, असं आठ-दहा वेळा. मग ब्रेक न दाबता काही किलोमीटर चालवून गार करायचं. यात पॅडच्या द्रव्याचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर चढतो, आणि पुढचं बरंचसं घर्षण त्या थरात आणि पॅडमध्ये होतं. तापलेले ब्रेक दाबून सिग्नलवर उभे राहिलात तर पॅडखालच्या जागी थर जाड बसतो आणि पुढे स्टिअरिंग थरथरतं. 'डिस्क वाकडी झाली' म्हणून लेथवर नेल्या जाणाऱ्या कित्येक डिस्क वाकड्या नसतातच, त्यांच्यावर थर असमान चढलेला असतो.

मोठ्या पॅडने ब्रेक जास्त लागतो, ही समजूतही सोडायला हवी. घर्षणबल दाबावर आणि पृष्ठभागांच्या स्वभावावर ठरतं, क्षेत्रफळावर नाही. आमोंतों या फ्रेंच माणसाने हे १६९९ मध्ये मांडलं. मोठा पॅड कमी तापतो आणि जास्त टिकतो, त्याचा फायदा तिथे आहे. मोठ्या डिस्कचं मात्र दोन्हीकडून जमतं. २५६ मिलिमीटरच्या जागी २८८ ची डिस्क आली की त्याच दाबात पिळाचं बल बारा-पंधरा टक्क्यांनी वाढतं, शिवाय तापायला जास्त बीड मिळतं. म्हणूनच खरोखर मोठे ब्रेक हवे असतील तर झगमगीत किटपेक्षा त्याच कंपनीच्या वजनदार भावंडाचे मूळ कॅलिपर आणि डिस्क बघाव्यात. नकल (कॅलिपर ज्यावर बसतो तो चाकामागचा भाग) आणि बोल्ट जुळत असतील तर वापरलेले भाग किटच्या एका अंशात मिळतात. घेताना पिस्टनवरचा रबरी बूट फाटलेला नाही ना, कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिना हाताने सरकतात ना, डिस्कची जाडी कडेला कोरलेल्या किमान आकड्याच्या वर आहे ना, ते बघून घ्यायचं. चाकाच्या रिमच्या आत कॅलिपर मावतो का, हेही पैसे देण्याआधी.

यात एक मेख आहे. नव्या कॅलिपरच्या पिस्टनचं क्षेत्रफळ जास्त असेल तर तेच मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ऑइल पुढे ढकलणारा भाग) ठेवून पेडल जास्त खोल जातं. शिवाय नुसतं पुढचंच बळ वाढलं की मागची चाकं आळशी होतात. पुढची लवकर सुटायला लागतात, आणि कंपनीने एबीएसचा जो तोल बसवलेला असतो तो बिघडतो. चुकीच्या जोडणीने थांबण्याचं अंतर वाढूही शकतं. कंपनीने ठरवून दिलेल्या रचनेत फेरफार करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधनं आहेत, विमाही अडू शकतो. ते आरटीओत आणि विमावाल्याकडे आधीच विचारलेलं बरं.

भोकं पाडलेल्या डिस्क दिसायला छान. भोकं पॅडमधून सुटणारा वायू बाहेर जावा म्हणून आली. आजच्या चांगल्या पॅडना त्याची फारशी गरज नसते, आणि स्वस्त डिस्कमध्ये भोकाच्या कडेपासून तडे जातात. खाचांच्या डिस्क त्यातल्या त्यात बऱ्या. साधी, जाड, आतून हवा खेळणारी कंपनीची डिस्क मला त्याहून बरी वाटते. स्टीलच्या जाळीच्या नळ्या रबरीइतक्या फुगत नाहीत, त्यामुळे पेडल घट्ट लागतं. तिसऱ्या तक्रारीला हे औषध चालतं, पण आधी जुनं ऑइल आणि आत अडकलेली हवा काढून बघावी, बहुतेकदा तेवढ्यानेच भागतं. थंड हवेसाठी बंपरमधल्या फॉगलॅम्पच्या रिकाम्या जागेतून डिस्कच्या मध्यापर्यंत एक लवचीक पाइप नेला तर खर्च किरकोळ आणि गुण चांगला येतो. पाइप चाक पूर्ण वळवल्यावर घासत नाही ना, एवढं तपासायचं.

भाच्याचं काम ऑइल आणि पॅडवर थांबलं. उरलेले पैसे टायरसाठी ठेव म्हटल्यावर त्याचं तोंड उतरलं, पण ऐकलं. आणि त्याला जे सांगितलं ते घरी पॅड बदलणाऱ्या प्रत्येकासाठी: नवे जाड पॅड बसावेत म्हणून कॅलिपरचा पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे त्यानंतर पेडल पहिल्यांदा दाबलं की ते तळापर्यंत जातं आणि ब्रेक लागतच नाही. गाडी गॅरेजच्या उतारावरून सोडण्याआधी, उभ्या गाडीतच, पेडल कडक लागेपर्यंत पंप करायचं आणि डब्यातली ऑइलची पातळी पुन्हा बघायची.