गेज बदलले, गाडी परत आली का? महाराष्ट्रातील नॅरोगेज मार्गांची पार्श्वभूमी

लहान गावांची रेल्वे परत आणा, ही मागणी बार्शीपासून जामनेरपर्यंत आणि अचलपूरपासून नागभीडपर्यंत अनेक ठिकाणी होते. या मागणीत तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि त्या सहसा एकाच वाक्यात कोंबल्या जातात. रूळ परत हवेत, त्यावर प्रवासी गाडी हवी आणि ती गाडी आपल्या गावी थांबायला हवी. पहिली गोष्ट मिळाली म्हणजे उरलेल्या दोन आपोआप मिळतात असे नाही. महाराष्ट्रातल्या जुन्या छोट्या मार्गांचा इतिहास पाहिला की हे लक्षात येते.

बार्शी लाईट रेल्वेपासून सुरुवात करू, कारण परत आलेल्या मार्गांत ती सर्वांत मोठी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने ती उभारली (पुढे हेच गृहस्थ विमानातून उडी मारण्याच्या पॅराशूटचे संशोधक म्हणून ओळखले गेले). १८९५ मध्ये लंडनमध्ये कंपनी स्थापन झाली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी हा २१ मैलांचा टप्पा सुरू झाला. गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, अडीच फूट (७६२ मिलिमीटर). कॅलथ्रॉपचे खरे डोके गेजपेक्षा आसभाराच्या हिशोबात होते. इंजिन, मालडबा, प्रवासी डबा यांपैकी कशाच्याही एका आसावर ५ टनांपेक्षा जास्त वजन पडायचे नाही, असा नियम त्याने घातला. त्यामुळे यार्डाला ३० पौंड, म्हणजे मीटरला जेमतेम १५ किलो वजनाचे रूळ पुरले. पूल हलके झाले, भराव अरुंद झाला आणि वळणे हवी तशी घेता आली.

पुढे हा मार्ग पंढरपूरला पोहोचला, १९११ मध्ये निजामाच्या हद्दीतल्या लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. एकूण लांबी २०२ मैल, सुमारे ३२५ किलोमीटर. कापूस, धान्य आणि आषाढी-कार्तिकीचे वारकरी हा तिचा धंदा. १९५४ मध्ये सरकारने ती विकत घेतली.

वऱ्हाडातली ‘शकुंतला’ ही नॅरोगेज रेल्वे वेगळ्या करारातून आली. मुंबईच्या किलिक निक्सन या व्यापारी पेढीने उभी केलेली सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी या मार्गाची मालक होती, पण गाड्या चालवायची जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वे, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेची पूर्वज. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर, मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर आणि शिवाय पुलगाव ते आर्वी. कारंजा, दारव्हा, अंजनगाव भागातला कापूस मुंबई–नागपूर मुख्य मार्गावर आणून टाकायचा, एवढेच तिचे काम. स्वातंत्र्यानंतर रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, पण हा मार्ग कंपनीच्याच नावावर राहिला. मध्य रेल्वे गाडी चालवत राहिली आणि कराराची मुदत दहा-दहा वर्षांनी वाढत गेली. ‘इंग्रजांना आजही भाडे जाते’ हे वाक्य दर काही वर्षांनी बातम्यांत फिरते. किलिक निक्सन कधीच भारतीय हातांत आली आहे, तेव्हा त्यात फारसा अर्थ नाही. खरा त्रास वेगळाच होता. मालक एक आणि चालवणारा दुसरा, मग रूळ बदलण्याचा खर्च कोणी करायचा? १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेले वाफेचे इंजिन या मार्गावर १९९४ पर्यंत धावत होते, हे कौतुकाने सांगितले जाते. ते खरे तर गुंतवणूक न झाल्याचे लक्षण होते.

असा मार्ग एका दिवसात बंद पडत नाही. आधी रुळांखालचे लाकडी स्लीपर कुजतात आणि बदलले जात नाहीत. डबा घसरतो. मग त्या पट्ट्यात वेगमर्यादा लागते आणि ती उठतच नाही. फाटकावर माणूस नसल्यामुळे गाडीतलाच कर्मचारी उतरून फाटक लावतो, गाडी पुढे गेल्यावर उघडतो आणि पुन्हा चढतो. एसटीला लागतो त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ रेल्वेला लागू लागतो. प्रवासी कमी होतात, आणि मग प्रवासी नाहीत म्हणून मार्ग परवडत नाही असा अहवाल येतो. नॅरोगेजचे डबे आणि सुटे भाग देशात फार थोड्या ठिकाणी सांभाळले जात. मध्य रेल्वेवर ते काम कुर्डुवाडीच्या वर्कशॉपचे. मार्ग घटले तसे तेही महाग पडू लागले.

१९९२ मध्ये रेल्वेने एकच गेज ठेवण्याचे धोरण घेतले, युनिगेज. त्यानंतर नॅरोगेज मार्गापुढे दोनच पर्याय उरले, ब्रॉडगेज (देशातल्या मुख्य मार्गांचे रुंद गेज) होणे किंवा संपणे. गोंदिया–नागभीड–चांदा त्याच दशकात बदलला. बार्शी लाईटचा कुर्डुवाडी–पंढरपूर तुकडा २००१-०२ च्या सुमारास, लातूर–उस्मानाबाद २००७ मध्ये, उस्मानाबाद–कुर्डुवाडी २००८ मध्ये आणि पंढरपूर–मिरज २०११ पर्यंत झाला.

‘रूपांतर’ या शब्दावरून जुने रूळ उचलून जरा लांब-लांब ठेवायचे, असे वाटते. प्रत्यक्षात जुन्या मार्गाचे जवळपास काहीच उरत नाही. नॅरोगेजच्या भरावाचा माथा पावणेचार मीटरच्या आसपास रुंद असतो. आजच्या ब्रॉडगेज एकेरी मार्गाला ७.८५ मीटर लागतो. भराव ४ मीटर उंच असेल आणि त्याचे उतार दोनास एक ठेवले, तर पायथ्याची रुंदी २४ मीटरच्या आसपास जाते. म्हणजे जुनी हद्द पुरत नाही आणि भूसंपादन आले. वळणांचेही तेच. नॅरोगेजला ४० अंशांपर्यंतचे, म्हणजे अवघ्या ४४ मीटर त्रिज्येचे वळण चालते. ब्रॉडगेजची मर्यादा १० अंश, त्रिज्या १७५ मीटर, आणि चांगला वेग हवा असेल तर त्याहून कितीतरी सरळ मार्ग लागतो. त्यामुळे घाटात आणि गावांच्या कडेने आखणीच बदलते. आसभार ५ टनांवरून २५ टनांच्या मानकावर जातो, तेव्हा प्रत्येक पूल आणि मोरी नव्याने. एका किलोमीटरला १,६६० काँक्रीट स्लीपर, मीटरला ६० किलोच्या रुळांचे १२० टन पोलाद आणि साधारण दोन हजार घनमीटर खडी. कॅलथ्रॉपच्या रुळांचे पोलाद किलोमीटरला ३० टन भरत असे.

मराठवाडा आणि वऱ्हाडात यात काळ्या मातीची भर पडते. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि तिच्यावर थेट खडी टाकली तर खडी मातीत रुतते, चिखल वर येतो. म्हणून वरच्या थरात निवडक मुरूम किंवा कच यांचे ब्लँकेटिंग करावे लागते. हा थर दाबण्यात कसूर झाली की दोन पावसाळ्यांत रुळांची पातळी बिघडते आणि नव्या मार्गावरही वेगमर्यादेचा फलक लागतो.

आखणी बदलण्याचा फायदाही होतो. जुना नॅरोगेज मार्ग येडशीवरून जायचा, जिल्ह्याचे ठिकाण असलेल्या उस्मानाबादला (आताचे धाराशिव) शिवत नव्हता. रूपांतराच्या वेळी मार्ग वळवला आणि शहराला स्थानक मिळाले. लातूरच्या पुढे लातूर रोड या जंक्शनला जोड मिळाल्यामुळे बार्शी लाईट आडमार्गाची न राहता मुख्य मार्गांना जोडणारी झाली. हरंगुळला डबा कारखाना उभा राहिला तो याच मार्गावर. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याच्या टाक्या घेऊन लातूरला गेलेली गाडीही पंढरपूर–कुर्डुवाडीमार्गेच गेली. पहिल्या खेपेला १० टाक्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. पाच टन आसभाराच्या रुळांवर हे शक्यच नव्हते.

शकुंतलेला हा फायदा नाही. तिची यवतमाळ आणि अचलपूर ही दोन्ही टोके आंधळी आहेत, पुढे रस्ता नाही. अशा मार्गावर मालवाहतूक फारशी मिळत नाही, आणि केवळ प्रवासी तिकिटावर ब्रॉडगेजचा खर्च निघत नाही. त्यात मालकीचा गुंता. यवतमाळची गाडी २०१६ च्या सुमारास थांबली, नंतर अचलपूरचीही. त्याच सुमारास रूपांतराची घोषणा झाली होती. दरम्यान यवतमाळकडे रेल्वे दुसऱ्याच बाजूने येते आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड या २८४ किलोमीटरच्या नव्या मार्गाचा वर्धा–कळंब टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. तो पुरा झाला तर यवतमाळला रेल्वे मिळेल. दारव्हा आणि कारंजा यांचा मूर्तिजापूरशी असलेला धागा मात्र तसाच तुटलेला राहील.

पाचोरा–जामनेर हा ५६ किलोमीटरचा मार्ग मार्च २०२० मध्ये देशभरच्या प्रवासी गाड्यांबरोबर थांबला. बाकीच्या गाड्या टप्प्याटप्प्याने परतल्या, ही परतली नाही. रूपांतरासोबत बोदवडपर्यंत वाढवण्याचा प्रस्ताव मंजूर झाला आहे आणि त्यातली वाढच महत्त्वाची आहे, कारण त्यामुळे जामनेरचे आंधळे टोक भुसावळ–नागपूर मार्गाला मिळते. नागपूर–नागभीडचा १०६ किलोमीटरचा मार्ग नोव्हेंबर २०१९ मध्ये रूपांतरासाठी बंद केला गेला. तो मुळात दोन्ही बाजूंनी जोडलेला होता आणि काम राज्य सरकार व रेल्वे यांच्या भागीदारीतल्या महारेलकडे गेले. तरीही एकदा रूळ उखडले की त्या पट्ट्यातल्या गावांना वर्षानुवर्षे बसवरच भागवावे लागते, हे तिथेही चुकले नाही.

काम संपल्यावर लगेच गाडी सुटत नाही. १९८९ च्या रेल्वे कायद्यानुसार प्रवासी वाहतुकीआधी रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी लागते. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात, म्हणजे ज्याने मार्ग बांधला त्याने स्वतःच तो पास करायचा नाही. ते ट्रॉलीवरून मार्ग पाहतात, पूल आणि फाटके तपासतात, वेगाची चाचणी घेतात आणि अटींसह परवानगी देतात. आजकाल सर्वाधिक तक्रारी फाटकांच्या जागी केलेल्या भुयारी रस्त्यांच्या असतात. ब्रॉडगेजवरची कर्मचारी नसलेली फाटके २०१९ च्या सुरुवातीपर्यंत बंद झाली आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी मार्गाखालून रस्ता नेला गेला. पाणी काढायचा उतार किंवा पंप नसला की पावसाळ्यात तिथे कमरेएवढे पाणी साचते आणि ऊस घेऊन जाणारा ट्रॅक्टर पलीकडे जाऊ शकत नाही.

आता थांब्यांचे. नॅरोगेजची गाडी जवळजवळ प्रत्येक गावाला थांबत असे. ब्रॉडगेज झाल्यावर अनेक जुनी स्थानके निव्वळ हॉल्ट होतात किंवा गळतात. हॉल्टवर तिकीट मिळते, पण गाड्यांचे क्रॉसिंग होत नाही. एकेरी मार्गावर समोरून येणाऱ्या गाडीसाठी सुमारे ७०० मीटरची लूप लाईन, म्हणजे गाडी बाजूला उभी करायचा जादा रूळ, लागते, सिग्नल आणि स्टेशनमास्तर लागतो. दोन क्रॉसिंग स्थानकांत २० किलोमीटर अंतर असेल तर एक गाडी जाईपर्यंत २५ ते ३० मिनिटे तो पट्टा अडलेला राहतो. एक्स्प्रेस आणि मालगाड्या लावल्यावर सकाळी कॉलेजला आणि संध्याकाळी परतायला सोयीची पॅसेंजर बसवायला जागाच उरत नाही. म्हणून नवी गाडी मागण्याआधी क्रॉसिंग स्थानक मागणे जास्त शहाणपणाचे असते. निवेदनात मात्र ते सहसा दिसत नाही.

कोविडने याला आणखी एक वळण दिले. पॅसेंजर गाड्या परतल्या त्या ‘विशेष’ किंवा एक्स्प्रेस म्हणून, आणि किमान भाडे १० रुपयांवरून ३० झाले. काही थांबे वेळापत्रकातून गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये भाडे पूर्ववत १० रुपये झाले, पण गेलेला थांबा परत मिळवायला प्रत्येक गावाला स्वतंत्र प्रस्ताव द्यावा लागतो. तिथे किती तिकिटे विकली जातील, हे आधी विचारले जाते. गाडी थांबत नसलेल्या ठिकाणची विक्री अर्थातच शून्य असते.

पैशाचा मागोवा घ्यायचा तर रेल्वेचे दरवर्षीचे पिंक बुक, म्हणजे कामांची आणि त्यांच्या तरतुदींची यादी, उघडावे. एखादा मार्ग यादीत आहे एवढ्यावर विश्वास ठेवू नये. त्या वर्षी त्याच्यासमोर किती रक्कम आहे ते पाहावे. हजार रुपयांची नाममात्र तरतूद असलेली कामे त्या यादीत वर्षानुवर्षे राहिलेली आहेत. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा नवा मार्ग नव्वदीच्या दशकात मंजूर झाला, राज्याने निम्मा खर्च उचलायचे ठरवल्यावर हलला, सप्टेंबर २०२२ मध्ये आष्टीपर्यंत आणि सप्टेंबर २०२५ मध्ये बीडपर्यंत पोहोचला.