कोपऱ्याआडचं पाहणारा कॅमेरा

भिंतीच्या कोपऱ्यापलीकडे जे आहे, म्हणजे जे आपल्या नजरेच्या सरळ रेषेत येतच नाही, ते समोरच्या साध्या भिंतीवर किंवा फरशीवर पडलेल्या उजेडावरून हिशेब करून काढायचं, या तंत्राला कॉम्प्युटर व्हिजनवाले (म्हणजे कॉम्प्युटरला चित्रं समजावून घ्यायला शिकवणारे) लोक नॉन-लाइन-ऑफ-साइट इमेजिंग म्हणतात, रोजच्या बोलण्यात नुसतं एनएलओएस. यात आरसा नाही, पेरिस्कोप नाही, क्ष-किरण नाहीत. चुना मारलेली मॅट, म्हणजे न चमकणारी, भिंत चालते, उलट बहुतेक प्रयोग तसल्याच भिंतीवर झालेत. हा विषय विद्यापीठांच्या लॅबमध्ये जन्मला आणि अजूनही बराचसा तिथेच आहे, आणि मराठी वाचकाला तो जवळचा वाटावा याचं एक सरळ कारण म्हणजे त्याच्या सुरुवातीला नाशिकच्या माणसाचं नाव आहे. त्याच्याकडे येऊच, आधी भिंतीचं बघू.

आरसा आणि भिंत, दोन्ही उजेड परत फेकतात. फरक एवढाच की आरसा किरणांचा क्रम सांभाळतो आणि भिंत प्रत्येक किरण चहूकडे उधळून देते, त्यामुळे आपल्याला भिंतीत चेहरा दिसत नाही, नुसता पांढरा रंग दिसतो. पण इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, माहिती नाहीशी झालेली नसते, मिसळलेली असते. गव्हात तांदूळ सांडले तर तांदूळ कुठे जात नाहीत, सुपात घेऊन निवडावे लागतात. तसंच हे. मग निवडायचं कशावरून? तर वेळेवरून.

उजेड १ नॅनोसेकंदात साधारण ३० सेंटिमीटर जातो, म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीएवढा, आणि १ पिकोसेकंदात ०.३ मिलिमीटर. समजा तुम्ही भिंतीच्या एका ठिपक्यावर लेझरची अगदी छोटी चमक मारली, तर तिथून उजेड उधळतो, त्यातला थोडा कोपऱ्याआडच्या वस्तूवर जाऊन आपटतो, त्यातला थोडा परत भिंतीवर येतो आणि त्यातला अगदी चिमूटभर कॅमेऱ्यात शिरतो. जवळच्या वस्तूवरून आलेला उजेड आधी पोचतो, लांबच्यावरून आलेला नंतर. डोंगरात हाक मारल्यावर जवळच्या कड्यावरून हाक लगेच परत येते आणि लांबच्या कड्यावरून मागाहून, तेच इथे, फक्त आवाजाऐवजी उजेड आणि सेकंदाऐवजी त्याचा अब्जांशाचाही अंश.

आता नुसत्या वेळेवरून जागा कशी कळणार? शाळेत लंबवर्तुळ काढायला दोन खिळे ठोकून त्यात सैल दोरा अडकवून पेन्सिल फिरवायचो, आठवतं? दोऱ्याची लांबी ठरलेली, म्हणून पेन्सिल कुठेही गेली तरी दोन्ही खिळ्यांपासूनच्या अंतरांची बेरीज तीच राहते. इथे एक खिळा म्हणजे लेझर पडला तो ठिपका, दुसरा खिळा म्हणजे कॅमेरा भिंतीवर जिथे बघतोय तो ठिपका, आणि दोऱ्याची लांबी म्हणजे मोजलेली वेळ गुणिले प्रकाशाचा वेग. (लेझरपासून भिंतीपर्यंत आणि भिंतीपासून कॅमेऱ्यापर्यंतचा भाग आधीच माहीत असतो, तो वजा करून टाकायचा.) म्हणजे लपलेला बिंदू त्या लंबवर्तुळावर, खरं तर अंड्यासारख्या त्रिमिती पृष्ठभागावर, कुठेतरी असणार. एका मोजमापाने काहीच कळत नाही. पण ठिपके बदलत बदलत हजारो मोजमापं घेतली की हजारो अंडी एकमेकांना छेदतात आणि जिथे सगळ्यात जास्त छेदतात तिथे वस्तू आहे. याला बॅक-प्रोजेक्शन म्हणतात, आणि हॉस्पिटलातल्या सीटी स्कॅनमध्येही याच जातीचं गणित चालतं.

ही कल्पना प्रयोगात उतरवण्याचं पहिलं मोठं काम अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमध्ये रमेश रासकर यांच्या गटात झालं. रासकर नाशिकचे, इंजिनिअरिंग पुण्याच्या सीओईपीमधून, पुढे नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात पीएचडी, मग काही वर्षं मित्सुबिशीच्या रिसर्च लॅबमध्ये आणि २००८पासून एमआयटीत. २००९मध्ये क्योटोला झालेल्या आयसीसीव्ही या कॉम्प्युटर व्हिजनच्या परिषदेत त्यांच्या गटाने कोपऱ्याआडचं पाहण्याचा पेपर मांडला, त्यात सिद्धांत जास्त होता. खरं चित्र आलं २०१२मध्ये, नेचर कम्युनिकेशन्समधल्या पेपरमधून, पहिलं नाव आंद्रेयास वेल्टन, सोबत रसायनशास्त्रज्ञ मौंगी बावेंडी, ज्यांना पुढे २०२३चं नोबेल मिळालं (ते क्वांटम डॉट्स नावाच्या अतिसूक्ष्म कणांसाठी, पण अतिवेगवान लेझरचा सेटअप त्यांच्या लॅबशी जोडलेला होता). लपवलेला एक छोटासा माणसाचा पुतळा त्यांनी भिंतीवरून ओळखून काढला, धूसर का होईना, पण हात, पाय, धड वेगळं कळत होतं.

त्याच उपकरणांवर त्यांनी फेम्टो-फोटोग्राफी नावाचा जो प्रकार दाखवला तो ज्याने व्हिडिओत पाहिलाय तो विसरत नाही. प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी घालून पातळ केलेलं दूध, आणि बुडातून टोपणाकडे सरकत जाणारा उजेडाचा एक गोळा, गोगलगायीच्या चालीने! एका फ्रेमची वेळ २ पिकोसेकंदांच्या आतबाहेर. इथे एक खुलासा करायलाच हवा कारण बातम्यांमध्ये तो नेहमी गळतो: ही एकाच चमकेची फिल्म नाही. त्यात वापरलेला स्ट्रीक कॅमेरा एका वेळी फक्त एक आडवी रेघ बघतो, म्हणून लेझर दर १३ नॅनोसेकंदांनी तशीच हुबेहूब चमक मारत राहतो, आरसा फिरवून एकेक रेघ टिपत जायचं आणि शेवटी सगळ्या रेघा जोडून फिल्म बनवायची. तरीही जे दिसतं ते खरंच घडलेलं असतं, फक्त कोट्यवधी वेळा घडलेल्या एकसारख्या घटनेची ती एकत्र केलेली नोंद आहे.

स्ट्रीक कॅमेरा प्रचंड महाग आणि नाजूक. पुढच्या काळात त्याची जागा स्पॅडने घेतली, म्हणजे असा सेन्सर की ज्यात एक फोटॉन, म्हणजे उजेडाचा एक कण, पडला तरी इलेक्ट्रॉनांचा लोंढा सुटतो आणि तो क्षण घड्याळात नोंदला जातो. आधी, २०१४मध्ये, काही संशोधकांनी स्वस्तातल्या टाइम-ऑफ-फ्लाइट सेन्सरवरही (उजेडाला जाऊन यायला लागलेल्या वेळेवरून अंतर मोजणारा सेन्सर) हे जमवून दाखवलं होतं. मग २०१८मध्ये स्टॅनफर्डच्या मॅथ्यू ओटूल, डेव्हिड लिंडेल आणि गॉर्डन वेट्झस्टाइन यांनी एक साधी वाटणारी पण फार हुशार गोष्ट केली: लेझरचा ठिपका आणि कॅमेऱ्याचा ठिपका एकच ठेवला. दोन खिळे एकाच जागी आले की लंबवर्तुळाचं काय होतं? वर्तुळ! सगळा हिशेब एकदम सुटसुटीत झाला, आणि जे गणित सोडवायला आधी तासन् तास लागत ते साध्या लॅपटॉपवर सेकंदाच्या आसपास होऊ लागलं. २०१९मध्ये विस्कॉन्सिन आणि स्पेनमधल्या सारागोसाच्या गटांनी (वेल्टन आता विस्कॉन्सिनला) अजून एक वेगळा विचार मांडला, की ही भिंत म्हणजेच एक मोठी लेन्स आहे असं समजा आणि जुनं लहरींचं प्रकाशशास्त्र जसंच्या तसं लावा, आणि त्याच गटातून २०२१मध्ये सेकंदाला ५ फ्रेमच्या वेगाने कोपऱ्याआडचा हलता माणूस दिसू लागला. त्याच वर्षी चीनमधल्या यूएसटीसी या विद्यापीठाच्या गटाने १.४३ किलोमीटर लांबून हे करून दाखवलं.

लेझर न वापरता हेच करणारी एक वेगळी शाखा आहे आणि मला वैयक्तिक ती जास्त आवडते, कारण तिचं मूळ आपल्या घरातच सापडतं. जुन्या वाड्यात दुपारी दार-खिडक्या लावून पडलं की दाराच्या फटीतून कवडसा येतो, आणि भोक पुरेसं बारीक असेल तर समोरच्या भिंतीवर गल्लीतून जाणारी माणसं उलटी चालताना दिसतात. झाडाखाली पडलेले गोल गोल कवडसे ही पानांच्या भोकांची चित्रं नसून सूर्याची चित्रं असतात, ग्रहणात तेच कवडसे कोरीसारखे होतात. एमआयटीच्याच अँतोनियो तोराल्बा आणि बिल फ्रीमन यांनी २०१२मध्ये दाखवलं की साधी खिडकीसुद्धा असाच एक भोंगळ पिनहोल कॅमेरा (लेन्सऐवजी बारीक भोकाने चित्र पाडणारा) असते आणि खोलीच्या भिंतीवरच्या उजेडातून बाहेरचा देखावा काढता येतो. २०१७मध्ये केटी बाउमन आणि सहकाऱ्यांनी (याच बाउमन पुढे २०१९च्या कृष्णविवराच्या चित्रामुळे घराघरात पोचल्या) कोपऱ्याच्या पायथ्याशी असलेल्या फरशीकडे बघितलं. भिंतीच्या कडेला लागून फरशीवर जी पुसट सावली पडते, तिचा भिंतीला अगदी चिकटलेला भाग पलीकडचा थोडाच देखावा बघतो आणि जसजसं अर्धवर्तुळात बाहेर यावं तसतसा अजून एकेक काप दिसत जातो, म्हणून शेजारशेजारच्या भागांची वजाबाकी केली की तो एकेक काप सुटा होतो. पलीकडे माणूस हलला तर फरशीवरचा उजेड ०.१ टक्क्याहूनही कमी बदलतो, डोळ्याला तर शक्यच नाही, पण व्हिडिओच्या आकड्यांत तो असतो. यातून चेहरा दिसत नाही, किती माणसं आहेत आणि कुठल्या दिशेला चालली आहेत एवढं कळतं. २०१९मध्ये बोस्टन विद्यापीठाच्या गटाने साध्या डिजिटल कॅमेऱ्याने, मध्ये एखादी आडवी येणारी वस्तू असली तर, आडोशाच्या स्क्रीनवरचं रंगीत चित्रही भिंतीवरून काढून दाखवलं.

अडचणी कुठे येतात तेही सांगायला हवं. लेझर पद्धतीत मॅट वस्तूवरून परत येणारा उजेड अंतराच्या चौथ्या घाताने कमी होतो, म्हणजे वस्तू भिंतीपासून दुप्पट लांब नेली की १६ पट कमी. म्हणून कितीतरी प्रयोग अंधाऱ्या खोलीत, पांढऱ्या पुतळ्यावर झालेले दिसतील. भर उन्हात करायचं तर रस्त्याच्या पाट्यांसारखी चमकणारी वस्तू लागते, स्टॅनफर्डवाल्यांनी तशीच वापरली होती. शिवाय काही पृष्ठभाग असे तिरके असतात की त्यांचा उजेड भिंतीवर पोचतच नाही, तो भाग चित्रात रिकामाच राहतो, कितीही वेळ मोजलं तरी.

उपयोग म्हणून सगळ्यात आधी गाड्यांचं नाव घेतलं जातं, त्याखालोखाल ढिगाऱ्यात अडकलेल्यांचा शोध. घाटात आंधळ्या वळणावर आपण हॉर्न देतो आणि समोरून हॉर्न येतो का ऐकतो, त्याच जागी गाडीने समोरच्या कड्यावर उजेड मारून पलीकडचा ट्रक ओळखावा अशी ती कल्पना. पण कडा काळ्या दगडाचा, पावसात ओला, डोक्यावर ऊन, आणि गाडीकडे निर्णयाला असतो जेमतेम सेकंद-दीड सेकंद. लॅबमधली पांढरी भिंत ते घाटातला कडा, एवढं अंतर अजून बाकी आहे आणि सध्याचे बरेचसे पेपर त्यातलाच एकेक तुकडा सोडवतायत: कमी फोटॉन, कमी ठिपके, खडबडीत भिंत.