व्हिक्टोरियन बॉलगाउन: नवं रेशीम आधी का फाटलं?

१८६० च्या सुमाराचा रेशमी बॉलगाउन, म्हणजे नृत्यसमारंभात घालायचा लांब पोशाख, नीट जपलेला असेल, तर कापड अजून मऊ आणि सलग लागतं. त्याच्या पुढच्या पिढीतला, १८९० च्या दशकातला गाउन मात्र पुष्कळदा उभ्या चिरांनी भरलेला असतो. घडी उलगडताना त्याचे तुकडे हातात येतात. नवं कापड आधी फाटण्याचं कारण त्या काळच्या रेशीमधंद्यात आहे.

१८४० मध्ये राणी व्हिक्टोरियाने लग्नात पांढरं सॅटिन नेसलं, ते लंडनच्या स्पिटलफील्ड्समध्ये विणलेलं होतं. १६८५ नंतर फ्रान्समधून परागंदा झालेल्या ह्युगनॉट (फ्रेंच प्रोटेस्टंट) विणकरांनी तिथे हा धंदा भरभराटीला आणला होता. १८६० च्या इंग्लंड-फ्रान्स करारानं फ्रेंच रेशमावरची जकात गेली. फ्रान्समधल्या ल्यों शहराच्या मालापुढे स्पिटलफील्ड्सचे उरलेसुरले माग टिकले नाहीत. त्याच सुमारास पेब्रिन रोगानं फ्रान्समधले रेशीमकिडे मरत होते. १८६५ मध्ये शास्त्रज्ञ लुई पाश्चर फ्रान्समधल्याच आलेस गावी गेले ते याच रोगाचा शोध घ्यायला.

आता मूळ मुद्दा. कच्च्या रेशमावर नैसर्गिक डिंक असतो. तो उकळून काढला की वजन सुमारे चौथ्या हिश्शानं घटतं. रेशीम विकलं जायचं वजनावर, त्यामुळे ही घट रंगाऱ्यांना भरून काढावीशी वाटे. काळ्या रेशमाला लोह आणि टॅनिन पाजत. शतक संपत आलं तशी कथिलाच्या क्षारांची पद्धत रुळली. गेलेलं वजन भरून निघायचंच, वर आणखीही चढायचं. कापड जड, भारदस्त पडायचं आणि गिऱ्हाईक खूश व्हायचं. पण धातूचे हे क्षार धाग्याला आतून ठिसूळ करतात आणि उजेड ते काम आणखी वेगानं करतो. अशा चिरा पाहून मालकिणीनं हयगय केली असं आपण सहज म्हणून टाकतो. तो तिच्यावर अन्याय आहे.

रंगाची गोष्ट जास्त आनंदाची. १८५६ मध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन क्विनीन बनवायला बसला आणि त्याच्या हाती जांभळा रंग लागला. तो त्याने रेशमावरच आजमावला. जानेवारी १८५८ मध्ये मुलीच्या लग्नात राणी फिकट जांभळ्या पोशाखात आली आणि या छटेची हौस आणखी वाढली. बाहेरून विटलेल्या गाउनच्या शिवणीत आत डोकावलं, तर मूळ छटेचा अंदाज अजून येतो.

त्याच १८५६ साली पोलादी कड्यांचा क्रिनोलिन, म्हणजे स्कर्ट फुगवून धरणारा सांगाडा, आला. पेटीकोटांचे थर कमी झाले, पण घेर इतका वाढला की एका स्कर्टला कितीतरी वार रेशीम लागे. म्हणून एकाच स्कर्टवर दोन बॉडिस (कमरेवरचे भाग) शिवत: दिवसासाठी बंद गळ्याचा, नृत्यासाठी खोल गळ्याचा. १८७० च्या दशकात घेर मागे सरकून ‘बसल’ (स्कर्टला मागून फुगवटा देणारा आधार) आला, तेव्हा जुने स्कर्ट उसवून नव्या बेतात बसवले गेले. मूळ बेतातला गाउन त्यामुळेच दुर्मीळ. जुन्या सुईच्या भोकांची रांग दिसली, की तो एकदा तरी उसवलाय हे कळतं. मला अशी रांग बिनडागी कापडापेक्षा मोलाची वाटते.

कथील पाजलेलं रेशीम पुन्हा मजबूत करता येत नाही. संग्रहालयात चिरांखाली पातळ जाळीचा आधार देतात आणि गाउन अंधारात आडवा ठेवतात. हँगरला लावला तर स्कर्टच्या वजनानंच खांद्यापासून फाटत जातो.